मालकाची चावी आणि कोडमधली चिठ्ठी

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री निवांत वाचा. विषय वरवर बघता कॉम्प्युटरवाल्यांचा वाटेल. पण आपल्या पतसंस्थेच्या ठेवी, शाळेतल्या पोरांचे निकाल, दवाखान्यातले रिपोर्ट हे सगळं आता कुणीतरी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्येच असतं. म्हणून हा सार्वजनिक विषय आहे असं मी धरून चालतो.

आपल्या तालुक्यातली बरीच पोरं सॉफ्टवेअरमध्ये आहेत. काही हिंजवडीला, काही बंगळुरूला, आणि काहींनी तर गावातच माडीवर गाळा घेऊन कंपन्या काढल्यात. डेअरीचं बिलिंग, पतसंस्थेचं ॲप, शाळेची फी असली कामं करतात, आणि चांगली करतात. त्यांच्यातल्या एकाने इनबॉक्समध्ये विचारलं, "दादा, क्लायंटचा ऑडिटर म्हणतो पॅम घ्या. आमचा सीनियर म्हणतो सिक्रेट्स मॅनेजर घ्या. पैसे एकापुरतेच आहेत. तुम्ही एवढं वाचता, तुमचं मत काय?"

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, इंजिनियर नाही. पण हा प्रश्न नुसता इंजिनियरिंगचा नाही. त्याला साठ वर्षांचा इतिहास आहे, आणि तो वाचला की निर्णय बराच सोपा होतो.

आधी दोन्ही शब्द सरळ करून घेऊ.

पॅम म्हणजे प्रिव्हिलेज्ड ॲक्सेस मॅनेजमेंट. कुठल्याही सिस्टिममध्ये एक-दोन खाती अशी असतात की ज्यांना सगळं करता येतं. हिशेब बघता येतात, बदलता येतात, पुसता येतात, आणि पुसल्याची नोंदसुद्धा पुसता येते. गोडाऊनच्या मुख्य चावीसारखंच हे. ती चावी कोण घेतो, किती वाजता घेतो, आत जाऊन काय करतो, परत कधी ठेवतो, याचं रजिस्टर ठेवणं म्हणजे पॅम. इथे चावी घेणारा माणूस असतो.

सिक्रेट्स मॅनेजमेंटचं तसं नाही. पतसंस्थेत रात्री बारा वाजता व्याज चढवणारा प्रोग्रॅम चालतो. त्याला डेटाबेसमध्ये शिरायला पासवर्ड लागतो. मध्यरात्री तो टाइप करायला कुणी बसलेलं नसतं. म्हणजे तो कुणीतरी आधीच कुठेतरी लिहून ठेवलेला असतो. कुठे? बहुतेक वेळा कोडमध्येच, किंवा कोडशेजारच्या फाइलमध्ये. एसएमएस पाठवायची चावी, पेमेंट गेटवेची चावी, क्लाउडची चावी, सगळ्यांची तीच गत. प्रोग्रॅमच्या खिशातल्या या चिठ्ठ्या नीट ठेवणं, वेळेवर बदलणं आणि फक्त लायक प्रोग्रॅमलाच देणं, म्हणजे सिक्रेट्स मॅनेजमेंट.

आता मूळ कथेकडे येतो, आणि ती अमेरिकेतली आहे.

1961 मध्ये एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची सिस्टिम दाखवली. एकच अवाढव्य कॉम्प्युटर आणि त्यावर एकाच वेळी अनेकांचं काम. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात आणि प्रत्येकाला ठरवून दिलेला वेळच मिळावा, म्हणून पासवर्ड आला. म्हणजे चोर बाहेर ठेवायला तो आला नव्हता, घरातल्या माणसांत वाटणी नीट व्हावी म्हणून आला होता. आपल्याकडे पाटाच्या पाण्याची पाळी लावतात, तसंच.

आणि पाळी लावली की ती चुकवणाराही निघतोच. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचा मिळणारा वेळ पुरत नव्हता. पंच कार्ड देऊन फाइल छापून मागायची सोय तिथे होती. 1962 मध्ये त्याने चक्क सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून मागितली, आणि ती त्याला छापून मिळाली! मग तो इतरांच्या नावावर कॉम्प्युटर वापरू लागला. हे त्याने कबूल केलं ते तब्बल पंचवीस वर्षांनी. तोपर्यंत तो मोठा इंजिनियर झाला होता.

त्यापेक्षा मोलाची गोष्ट 1966 ची. त्या सिस्टिमवर एके दिवशी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला 'आजची सूचना' दिसायच्या जागी सगळ्यांच्या पासवर्डची यादी दिसू लागली. झालं असं होतं, की सिस्टिम सांभाळणारी माणसं एकच सामायिक खातं वापरत होती. एकजण सूचना लिहीत होता, दुसरा त्याच वेळी पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता. एडिटर प्रोग्रॅम मधली कच्ची फाइल ठरलेल्या एकाच नावाने ठेवायचा. दोघांच्या फाइलींची अदलाबदल झाली. कोर्बाटोंनी ट्यूरिंग पुरस्काराच्या भाषणात हा किस्सा स्वतः सांगितला होता.

नीट बघा, या एका घटनेत आजचे दोन्ही आजार आहेत. मोठ्या अधिकाराचं खातं दोघांत मिळून वापरलं, हा पॅमचा आजार. आणि पासवर्ड साध्या अक्षरात, कुणालाही वाचता येईल असे फाइलमध्ये ठेवले, हा सिक्रेट्सचा. तेव्हा दोन्हींना वेगळी नावं नव्हती एवढंच.

पुढे दोघांचे रस्ते वेगळे झाले, आणि का झाले ते समजून घेण्यासारखं आहे.

साध्या अक्षरात पासवर्ड ठेवायचेच कशाला, असा विचार साठच्या दशकातच केंब्रिजमध्ये सुरू झाला होता. पासवर्डचं गणिती पीठ करून ते पीठ साठवायचं. माणसाने पासवर्ड टाकला की त्याचंही पीठ करायचं आणि दोन्ही जुळतात का बघायचं. पिठापासून परत गहू होत नाही, त्यामुळे फाइल चोरीला गेली तरी पासवर्ड सरळ हाती लागत नाही. युनिक्स सिस्टिमने हे उचललं. 1979 मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी त्यावर जो लेख लिहिला तो आजही शिकवला जातो. त्यात पिठात 'मीठ' घालायची युक्ती आहे, म्हणजे दोघांचा पासवर्ड एक असला तरी पीठ वेगळं दिसावं. शब्दशः त्याला मीठच म्हणतात, माझी फोडणी नाही ती.

युनिक्समध्ये सर्वशक्तिमान खात्याला 'रूट' म्हणतात. हा रूटचा पासवर्ड चार जणांना माहीत असला की काम कुणी केलं ते कळत नाही. 1980 च्या सुमाराला न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाच्या बफेलो इथल्या विभागात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी 'सुडो' नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. आपापल्या खात्यात राहायचं, आणि जेवढं काम मोठ्या अधिकाराचं असेल तेवढ्यापुरता तो अधिकार मागायचा. आजचं महागडं पॅम सॉफ्टवेअर शेवटी याच कल्पनेवर उभं आहे. आपले डेव्हलपर दिवसातून पन्नास वेळा सुडो टाइप करतात, पण ते कुणाच्या डोक्यातून आलं हे कुणी शिकवत नाही.

आता खरी मेख. पिठाची युक्ती माणसाच्या पासवर्डला चालते, कारण तिथे मशिनला फक्त तपासायचं असतं. प्रोग्रॅमचं उलटं असतं. त्याला समोरच्या डेटाबेसला पासवर्ड सांगायचा असतो. पीठ सांगून दार उघडत नाही, गहूच लागतो. म्हणजे प्रोग्रॅमजवळचा पासवर्ड मूळ रूपात परत मिळेल असाच ठेवावा लागतो. तुम्ही त्याला कुलूप लावाल, पण मग त्या कुलपाची चावी कुठे ठेवाल? या क्षेत्रात याला 'सिक्रेट झिरो' म्हणतात, म्हणजे पहिलं गुपित. माणसाच्या बाजूला 1979 पर्यंत चांगला तोडगा निघाला. प्रोग्रॅमच्या बाजूला पुढची तीस-पस्तीस वर्षं कुणी फारसं लक्षच दिलं नाही. सर्व्हर आपल्याच खोलीत, खोलीला आपलंच कुलूप. चिठ्ठी आत पडली असली तर कुणाचं काय बिघडणार, असा हिशेब होता.

या मधल्या काळात माणसांच्या चावीचा धंदा मात्र जोरात वाढला. 1999 मध्ये इस्रायलमध्ये सायबरआर्क नावाची कंपनी निघाली. मोठ्या खात्यांचे पासवर्ड डिजिटल तिजोरीत ठेवायचे, वापरून झाले की आपोआप बदलायचे, वापरणाऱ्याचं रेकॉर्डिंग करायचं. एन्रॉनच्या घोटाळ्यानंतर 2002 मध्ये अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला आणि नोंदणीकृत कंपन्यांचे ऑडिटर विचारू लागले, की हिशेबाच्या सिस्टिममध्ये बदल करण्याचा अधिकार कुणाकुणाला आहे, दाखवा. त्यामुळे पॅम जन्मापासूनच ऑडिटरच्या भाषेत बोलतं. आपल्या त्या पोराला ऑडिटरने पॅमच का सांगितलं, याचं उत्तर इथे आहे.

पॅम नसलं तर काय होतं याचं ठळक उदाहरण सॅन फ्रान्सिस्को महापालिकेचं. टेरी चाइल्ड्स हा तिथला नेटवर्क इंजिनियर. शहराचं फायबर नेटवर्क त्यानेच उभारलं आणि त्याच्या मुख्य चाव्या त्याच्या एकट्याकडे राहिल्या. जुलै 2008 मध्ये वरिष्ठांनी पासवर्ड मागितले तेव्हा त्याने दिले नाहीत. त्याचं म्हणणं, ही माणसं लायक नाहीत, वाटोळं करतील. त्याला अटक झाली. गंमत म्हणजे नेटवर्क बंद पडलं नाही, मस्त चालू होतं. फक्त ते चालवण्याचा अधिकार एवढ्या मोठ्या महापालिकेत दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. शेवटी त्याने जेलमध्ये भेटायला आलेल्या महापौर गॅव्हिन न्यूसम यांच्या हाती पासवर्ड दिले. 2010 मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. त्याची बाजू घेणारे इंजिनियर आजही भेटतात, आणि मला विचाराल तर निम्मा दोष महापालिकेचा होता. वर्षानुवर्षं एका माणसावर सगळं टाकून साहेब लोक निर्धास्त राहिले. आपल्याकडे "ते आमचे भाऊसाहेबच बघतात, त्यांनाच माहीत" हे वाक्य किती कार्यालयांत ऐकू येतं, तुम्हीच आठवा.

आता दुसरा रस्ता. 2006 मध्ये ॲमेझॉनने क्लाउड भाड्याने द्यायला सुरुवात केली, 2008 मध्ये गिटहब आलं. या दोन गोष्टींनी 'सर्व्हर आपल्याच खोलीत' हा हिशेब मोडून काढला. सर्व्हर आता खोलीत नव्हता. अक्षरांच्या एका ओळीने, म्हणजे ॲक्सेस की नावाच्या चिठ्ठीने, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून तो चालू-बंद करता येऊ लागला. आणि ज्या कोडमध्ये ही चिठ्ठी पडलेली असायची, ते कोड गिटहबवर जाऊ लागलं. कधी खासगी म्हणून, कधी चुकून सगळ्यांसाठी उघडं. 2011 मध्ये हेरोकू कंपनीच्या लोकांनी 'ट्वेल्व्ह फॅक्टर' नावाचे नियम मांडले. त्यातली एक कसोटी मला फार आवडते. तुमचं कोड या क्षणी जगासाठी खुलं केलं तर तुमची एखादी चावी उघडी पडेल का? पडणार असेल तर मांडणी चुकली. त्यांनी चाव्या कोडबाहेर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवायला सांगितलं. कोडपेक्षा ते बरंच, पण पुरेसं नाही. का, ते पुढे येईल.

2014 साल या इतिहासात काळं आहे. कोड स्पेसेस नावाची कंपनी दुसऱ्यांचं कोड सांभाळायची. जूनमध्ये कुणीतरी तिच्या ॲमेझॉन क्लाउडच्या नियंत्रण पानात शिरलं आणि खंडणी मागितली. कंपनीने खातं परत ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याने आधीच करून ठेवलेल्या जादा लॉगिनमधून एकेक गोष्ट पुसायला घेतली. बारा तासांत बहुतेक डेटा गेला, बॅकअपही गेले, कारण बॅकअपसुद्धा त्याच एका चावीखाली होते. कंपनीने शटर ओढलं. ज्यांचं कोड तिथे होतं त्या डेव्हलपरांचं काय झालं असेल याची कल्पना गावातल्या पोरांनीच करावी. आपलं सगळं काम एकाच क्लाउड खात्यात ठेवणारे त्यांच्यातही आहेत.

त्याच वर्षी उबर. इथे मी थांबणार आहे, कारण पॅम की सिक्रेट्स या वादाचा अख्खा अभ्यासक्रम या एका कंपनीने स्वतःवर घेऊन दाखवलाय.

पहिली वेळ, मे 2014. उबरच्या एका इंजिनियरने क्लाउडची चावी गिटहबवर उघड्या पानात टाकली होती. ती कुणाला तरी सापडली आणि हजारो ड्रायव्हरांची नावं आणि लायसन्स नंबर गेले. पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशीत जे मांडलं ते जास्त गंभीर होतं. ती एकच चावी सगळे इंजिनियर आणि प्रोग्रॅम मिळून वापरत होते, आणि तिला सगळे अधिकार होते. म्हणजे 1966 मधलं एमआयटीचं सामायिक खातंच, फक्त यावेळी दार रस्त्यावर उघडत होतं.

दुसरी वेळ, 2016. दुसऱ्या साइटवरून फुटलेले जुने पासवर्ड वापरून चोर उबरच्या इंजिनियरांच्या गिटहब खात्यात शिरले. तिथल्या खासगी कोडमध्ये पुन्हा साध्या अक्षरात लिहिलेली क्लाउडची चावी! 5 कोटी 70 लाख प्रवासी आणि ड्रायव्हर यांची माहिती गेली. पहिल्या चोरीची सरकारी चौकशी चालू असतानाच हे झालं. कंपनीने चोरांना 1 लाख डॉलर दिले, ते दोष शोधून देणाऱ्याला द्यायच्या बक्षिसाच्या खात्यातून, आणि वर्षभर गप्प बसली. नोव्हेंबर 2017 मध्ये बाहेर आलं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या राज्यांशी 14 कोटी 80 लाख डॉलरला तडजोड झाली. सुरक्षा प्रमुख जो सलिव्हन 2022 मध्ये लपवाछपवीबद्दल दोषी ठरला, 2023 मध्ये त्याला तीन वर्षं प्रोबेशनवर ठेवलं. चावी दुसऱ्याच कुणीतरी लिहून ठेवली होती, कोर्टात उभा राहिला तो ती गोष्ट दाबणारा.

तिसरी वेळ, सप्टेंबर 2022. आता उबर शहाणी झाली होती, पॅम बसवलेलं होतं. हल्लेखोराकडे एका बाहेरच्या कंत्राटी कामगाराचा पासवर्ड आला. दुसरी पायरी मोबाइलवरच्या मंजुरीची. त्याने मंजुरीच्या सूचनांचा भडिमार केला, आणि त्याच्याच सांगण्यानुसार व्हॉट्सॲपवर "मी आयटी विभागातून बोलतोय" असं सांगितलं. कंटाळून समोरच्याने होकार दाबला. आत शिरल्यावर त्याला सामायिक फोल्डरमध्ये पॉवरशेलच्या स्क्रिप्ट सापडल्या. त्यातल्या एकीत, सुरक्षा संशोधकांना त्याने स्वतः सांगितल्याप्रमाणे, थायकॉटिक या पॅम सिस्टिमच्या ॲडमिनचं नाव आणि पासवर्ड लिहून ठेवला होता. तिजोरीची चावी पायपुसण्याखाली! मग काय, तिजोरीतल्या सगळ्या चाव्या एकदम हातात. त्याने कंपनीच्या स्लॅकवर स्वतःच जाहीर केलं की मी हॅकर आहे. कर्मचाऱ्यांना आधी चेष्टा वाटली. ग्राहकांची माहिती साठवणाऱ्या सिस्टिमपर्यंत तो पोचल्याचं दिसत नाही, असं कंपनीने नंतर सांगितलं, तेही नोंदवतो.

आणि हे फक्त उबरचंच नशीब असं समजू नका. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याच्या कॉम्प्युटरमध्ये घुसखोरी झाली. वाट कुठली? बियॉन्डट्रस्ट या कंपनीची दुरून मदत करण्याची सेवा. ही कंपनी पॅम विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी एक. चोरांनी तिच्या सेवेची एक एपीआय की मिळवली होती. माणसांच्या चाव्या सांभाळण्याचा जिचा धंदा, तिच्याच प्रोग्रॅमची चिठ्ठी चोरीला गेली. अमेरिकेने चीनच्या सरकारपुरस्कृत टोळीवर ठपका ठेवला, चीनने नाकारला.

मधे 2015 मध्ये प्रोग्रॅमच्या बाजूला मोठं पाऊल पडलं होतं. मिचेल हाशिमोतो आणि अरमान दाडगर यांच्या हॅशीकॉर्प कंपनीने 'व्हॉल्ट' काढलं. प्रोग्रॅमने स्वतःजवळ पासवर्ड ठेवायचाच नाही. गरज पडली की व्हॉल्टला ओळख पटवायची, मग व्हॉल्ट डेटाबेसमध्ये त्या क्षणी नवं खातं तयार करून देतं, तासाभराची मुदत असली तर तासाभराने ते खातं मरतं. चोराला चिठ्ठी सापडली तरी बहुतेक वेळा शिळीच सापडणार. आणि खुद्द व्हॉल्टची चावी? ती अदी शमीर यांच्या 1979 च्या गणिती युक्तीने तुकड्यांत वाटतात. साधारणपणे पाच तुकडे करतात, त्यातले कुठलेही तीन एकत्र आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही.

हे वाचताना मला आपले गड आठवले. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी बरोबरीचे ठेवायचे, म्हणजे एकट्यादुकट्याने गड फितूर होऊ नये. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे असल्या तरी कारभार तिघांच्या विचाराने. सभासदाने हे लिहून ठेवलंय. गणित वेगळं, माणसाबद्दलचा अंदाज तोच.

आता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं राहिलं होतं ते सांगतो. 2021 मध्ये कोडकव्ह या कंपनीची एक स्क्रिप्ट कुणीतरी गुपचूप बदलली. ती स्क्रिप्ट हजारो कंपन्या आपल्या टेस्टिंगमध्ये चालवायच्या. 31 जानेवारीपासून 1 एप्रिलपर्यंत ती जिथे चालली तिथल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधलं सगळं बाहेर पाठवत राहिली. एका ग्राहकाने स्क्रिप्टचा चेकसम जुळवून पाहिला म्हणून उघडकीला आलं. म्हणजे चिठ्ठी कोडमधून काढून टेबलावर ठेवली, आणि टेबलाशी बाहेरचा माणूस बसलेला. पॅमला हे दिसलंच नसतं, कारण यात कुणी माणूस लॉगिनच करत नाही.

मग त्या पोराला काय सांगायचं?

माझं मत स्पष्ट आहे. पंधरा-वीस डेव्हलपरांच्या कंपनीने आधी सिक्रेट्सकडे बघावं. ॲडमिनचं काम करणारी माणसं तुमच्याकडे दोन-तीन, चेहऱ्याने ओळखीची. चिठ्ठ्या मात्र शेकडो, आणि त्यांची यादीसुद्धा कुणाकडे नाही. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या अभ्यासकांनी 2019 मध्ये गिटहब तपासलं तेव्हा 1 लाखाहून जास्त रिपॉझिटरींत चाव्या उघड्या पडलेल्या सापडल्या आणि रोज हजारोंची भर पडत होती. गिटहबने 2024 पासून उघड्या रिपॉझिटरींमध्ये चावी दिसली की पुश अडवायला सुरुवात केलीय, पण खासगी रिपॉझिटरींना हे आपोआप लागू नाही, आणि उबरची दुसरी चोरी खासगीतूनच झाली होती.

त्यातही लगेच व्हॉल्ट बसवायला धावू नका. ते सांभाळायला माणूस लागतो, सर्व्हर रीस्टार्ट झाला की तुकडेवाले जमवावे लागतात, आणि लग्नसराईत तीन जण एका वेळी फोन उचलतील याची खात्री तुम्ही द्याल का? तुम्ही ज्या क्लाउडवर आहात त्याचा स्वतःचा सिक्रेट्स मॅनेजर घ्या. ॲमेझॉनचा 2018 पासून आहे, एका सिक्रेटमागे महिन्याला 40 सेंटच्या आसपास पडतो. त्याहून चांगलं म्हणजे जिथे जमेल तिथे चिठ्ठीच नको. ॲमेझॉनमध्ये 2012 पासून सर्व्हरला भूमिका देता येते, मग त्याच्याजवळ कायमची चावी ठेवावी लागत नाही. गिटहबवरून कोड चढवतानाही 2021 पासून तात्पुरत्या ओळखपत्रावर काम होतं.

पॅमचं सॉफ्टवेअर नंतर घ्या, पण पॅमची शिस्त आजच लावा, तिला पैसे लागत नाहीत. क्लाउडच्या मूळ खात्याला दुसरी पायरी लावा आणि ते रोजच्या कामाला वापरू नका. प्रत्येकाचं खातं वेगळं. नोकरी सोडून गेलेल्याचं खातं त्याच दिवशी बंद, निरोपाचा केक कापायच्या आधी. बॅकअप वेगळ्या चावीखाली, कोड स्पेसेसची आठवण ठेवून.

याला एक अपवाद आहे. तुमची पोरं जर बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या चालू सर्व्हरवर दुरून शिरून काम करत असतील, तर ऑडिटरचं बरोबर आहे, तिथे पॅम आधी. रिझर्व्ह बँकेच्या 2016 च्या सायबर सुरक्षा चौकटीतसुद्धा मोठ्या अधिकाराच्या खात्यांवर लक्ष आणि नोंद ठेवायला सांगितलंय. सर्ट-इनचा 2022 चा आदेश आहे, घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आणि 180 दिवसांच्या नोंदी ठेवायच्या. रात्री दोन वाजता सर्व्हरवर कोण होतं हे सामायिक पासवर्डवाल्या कंपनीला सहा तासांतच काय, सहा महिन्यांतही सांगता येणार नाही. मात्र पॅम बसवायचा खर्च बँकेने करावा असं मला वाटतं. चावी तिची, म्हणून रजिस्टरही तिचं. वीस जणांच्या कंपनीवर तो लादू नये. तसं करारात लिहून घ्या.

बाजारात हे दोन रस्ते आता परत जवळ येतायत. सायबरआर्कने 2017 मध्येच कॉन्जुर ही सिक्रेट्सवाली कंपनी घेतली. हॅशीकॉर्पने 2020 मध्ये माणसांच्या प्रवेशासाठी बाउंड्री काढलं. मग हॅशीकॉर्पला आयबीएमने 6.4 अब्ज डॉलरला घेतलं, आणि सायबरआर्कला घेण्यासाठी पालो अल्टो नेटवर्क्सने 2025 मध्ये सुमारे 25 अब्ज डॉलरचा सौदा जाहीर केला. त्यामुळे पुढच्या वर्षी कुणी सेल्समन येऊन "आमच्याकडे दोन्ही एकातच आहे" असं म्हणेल. म्हणू दे. त्याला एवढंच विचारा, की तुमच्या या तिजोरीची ॲडमिन चावी आमच्याकडे नेमकी कुठे राहणार, आणि ती कुठल्या स्क्रिप्टमध्ये लिहावी लागणार आहे का. तो गडबडला तर उबरची तिसरी गोष्ट सांगा.

आणि ज्यांच्या कोडमध्ये आज या क्षणी चिठ्ठी पडलेली आहे त्यांच्यासाठी. फाइल डिलीट करून नवं कमिट केलंत तरी गिटच्या जुन्या इतिहासात ती चावी तशीच राहते. म्हणून आधी ती चावी रद्द करून नवी घ्या, इतिहास नंतर साफ करत बसा. आपल्याच एका कार्यालयात मॉनिटरला चिकटवलेल्या पासवर्डाच्या चिठ्ठीचा फोटो मागे मी टाकला होता. नाव न लिहिताही लोकांनी ओळखलं, दुसऱ्या दिवशी चिठ्ठी निघाली. पासवर्ड मात्र तोच ठेवलाय, हे मला तिथल्याच एकाने सांगितलं.